शब्दचर्चा: इन्सुलिन सिग्नलिंग, फळमाशी आणि मज्जासंस्था

शाईदौत: फळमाशीची मज्जासंस्था घडताना इन्सुलिन सिग्नलिंग काय करतं, यावरचा लेख मराठीत लिहितेय. सिग्नलिंगला 'संकेतन' लिहिलं, तर वाचणारा म्हणाला, हेरखात्याचं प्रकरण वाटतं. 'संदेशवहन' चालेल का? आणि माशीला इन्सुलिन कशाला लागतं, हेही एका ओळीत सांगायचंय.

चिंचगूळ: संदेशवहनच लिहा. इथे निरोप खरोखरच हातोहात जातो. अळी अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिच्या मेंदूतले बरेचसे न्यूरोब्लास्ट, म्हणजे चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूलपेशी, थांबलेले असतात. अळीने खाल्लं की अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आल्याचं मेदपिंडाला, म्हणजे चरबी साठवणाऱ्या अवयवाला, कळतं. तिथून निरोप मेंदूभोवतीच्या ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, पेशींकडे जातो, त्या इन्सुलिनसदृश पेप्टाइड (छोटं प्रथिन) सोडतात, ते शेजारच्या न्यूरोब्लास्टच्या ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, मग ती पेशी फुगते आणि विभाजन पुन्हा सुरू होतं. ही साखळी 2010-11च्या सुमारास उलगडली. तेव्हा एका ओळीत: 'जेवण आलंय, कामाला लागा'.

माशीत साखरेचा संबंध नाही असं मात्र लिहू नका. मेंदूतल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी काढल्या की अळ्या खुरटतात आणि त्यांच्या शरीरद्रवातली साखर वाढते. हो, मेंदूतल्याच, माशीला स्वादुपिंड नसतं.

बागायतदार_दापोली: ताई, आधी 'फळमाशी'चं बघा. आमच्याकडे फळमाशी म्हणजे हापूसच्या सालीखाली अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा, जिच्या नरांसाठी मिथाइल युजेनॉल या आमिषाचे सापळे टांगतो. तुमची ती पिकल्या केळ्यावरची चिलटं. शीर्षक बघून कुणी फवारणीचा सल्ला मागेल!

शाईदौत: दादा, खरंय. पण चिलट कुठल्याही बारक्या माशीला म्हणतात. पहिल्यांदा 'ड्रॉसोफिला ही प्रयोगशाळेतली फळमाशी' असं लिहिते. थांबलेल्या न्यूरोब्लास्टना 'निद्रिस्त' म्हणू?

चिंचगूळ: नको. माशी खरोखर झोपते आणि तिच्या झोपेवर वेगळं संशोधन आहे. 'सुप्तावस्था' घ्या, बियाण्याला वापरतात तीच. 'मज्जासंस्था'ऐवजी शाळेच्या पुस्तकातलं 'चेतासंस्था' बरं. मज्जा म्हटलं की अस्थिमज्जा आठवते, आणि या प्राण्याला हाडंच नाहीत.

पाटीपुसणं: 'इन्सुलिनशिवाय मेंदू वाढत नाही' असं वाक्य कुठे असेल तर खोडा. अळी पुरेशी मोठी झाल्यावर उपाशी ठेवली, तर बाकी शरीराची वाढ अडते, पण न्यूरोब्लास्ट वाढतच राहतात. तेव्हा 'अल्क' नावाचा दुसरा ग्राही सूत्रं हाती घेतो. हे 2011मध्ये दाखवलं गेलं. सुप्तावस्थेतून बाहेर काढणं आणि पुढे वाढत ठेवणं, ही दोन कामं वेगळी लिहा.

डोळ्याचंही एक वाक्य घाला. प्रकाशग्राही पेशींचे अक्षतंतू, म्हणजे निरोप पुढे नेणारे लांब धागे, मेंदूत योग्य जागी पोचायला इन्सुलिनचा ग्राही लागतो, पण निरोप पेशीत पुढे नेणारं त्याचं नेहमीचं सहकारी प्रथिन 'चिको' तिथे लागत नाही.

बागायतदार_दापोली: चिकू?

पाटीपुसणं: चिको हो! स्पॅनिशमध्ये लहान मुलगा. त्याचं जनुक बिघडलं की माशी बुटकी राहते, म्हणून हे नाव. पण फळमाशीच्या लेखात सगळे चिकूच वाचणार. ताई, अवतरणचिन्हं विसरू नका.