ऑफिसच्या वायफायवर रोज "नवीन डिव्हाइस सापडलं" असा अलर्ट येतोय, कोणी घुसलंय का?

अकाउंट्सवाली:
नमस्कार मंडळी, मी नाशिकला एका सीएंच्या ऑफिसात आहे. आयटीवाला वगैरे कोणी नाही, राउटर इंटरनेटवाल्याने बसवून दिला तोच चालू आहे. माझ्या लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस हल्ली सारखा सांगतो की नेटवर्कवर नवीन डिव्हाइस आलंय, कधी नाव "अननोन", कधी "एस्प्रेसिफ" असं काहीतरी, कधी नावच नाही, नुसता तो बारा आकडे-अक्षरांचा नंबर. आमच्याकडे क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट सगळं असतं, टॅलीचा डेटा एका पीसीवरून शेअर केलाय, त्यामुळे खरंच भीती वाटते. सर म्हणतात अलर्ट बंद करून टाक. करू का? आणि ही डिव्हाइस कोणाची आहेत ते कळणार कसं, रिटर्नचा सीझन आहे, दिवसभर माणसांची ये-जा.

क्रिंपिंगवाला:
ताई, बंद करू नका, पण घाबरूही नका. सोसायटीत नवीन वॉचमन आला की पहिले काही दिवस तो सगळ्यांनाच अडवून विचारतो ना, तसं आहे हे. सॉफ्टवेअर नेटवर्कवर हाक मारतं, कोण कोण उत्तर देतं ते बघतं आणि आधीच्या यादीत जो नंबर नाही तो "नवीन" म्हणून दाखवतं. नवीन म्हणजे त्या सॉफ्टवेअरला नवीन, चोर आहे असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं.

तो बारा अक्षरी नंबर म्हणजे मॅक ॲड्रेस, नेटवर्कवर डिव्हाइसची ओळख पटवणारा नंबर. त्यातली पहिली सहा अक्षरं साधारणपणे कंपनीची असतात, आयट्रिपलई ही संस्था ती वाटून देते, त्यावरून नाव दिसतं. पण ते नाव बरेचदा आतल्या चिपवाल्याचं असतं. एस्प्रेसिफ ही चीनमधली वायफाय चिप बनवणारी कंपनी, तिच्या चिप स्मार्ट प्लग, वायफाय बल्ब असल्या वस्तूंत सर्रास सापडतात. ऑफिसात असं काय काय आहे बघा, एकेक बंद करा आणि यादीतून कोण गायब होतं ते पाहा, थोडा वेळ द्या कारण यादी लगेच बदलत नाही.

आता ज्यांना कंपनीचं नावच नाही ते. नंबरचं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो नंबर कारखान्यातून आलेला नाही, डिव्हाइसने स्वतः बनवलेला आहे, आणि ऑफिसात तो बहुतेक वेळा कोणाचा तरी मोबाइलच असतो. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा नंबर दाखवतात, माग काढता येऊ नये म्हणून. काही फोन तर तो नंबर अधूनमधून बदलतातही, म्हणजे रोज येणारा आर्टिकलवाला (सीएंकडे शिकाऊ म्हणून काम करणारा) मुलगा तुमच्या अँटिव्हायरसला परत नवीनच वाटणार.

गोदाकाठ:
एवढं कशाला, राउटरमध्ये मॅक फिल्टर लावा, आपले नंबर टाका, बाकी सगळे बाहेर.

क्रिंपिंगवाला:
@गोदाकाठ दादा, हा सल्ला सगळे देतात पण आता याचा उपयोग फार उरला नाही. एक तर फोनचे नंबर बदलले की आपलीच माणसं बाहेर राहणार. दुसरं म्हणजे मॅक ॲड्रेस हवेत उघडाच जातो, ज्याला खरंच घुसायचंय तो तुमच्या चालू डिव्हाइसचा नंबर उचलून स्वतःला लावतो. वायफायचं नाव लपवणंही तसंच.

त्यापेक्षा राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करा, क्लायंट आणि सगळ्यांचे पर्सनल मोबाइल तिकडे, आणि गेस्टला ऑफिसचं लोकल नेटवर्क दिसणार नाही हे सेटिंग चालू आहे ना ते बघा. मग मेन वायफायचा पासवर्ड बदला आणि रिसेप्शनला लिहून चिकटवू नका. हे जमतं तिथे अलर्ट आपोआप कमी होतात आणि जो येतो तो बघण्यासारखा असतो. राउटरच्या ॲडमिन पेजचा पासवर्ड पण बदला, तो बहुतेक ठिकाणी बसवला तेव्हाचाच असतो, आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय) बंद करा.

हिंजवडी_नाइटशिफ्ट:
हे वाचणाऱ्या मोठ्या कंपनीतल्या लोकांसाठी: तुमच्याकडे आयटी टीम असेल तर स्वतः स्कॅनर टाकून नेटवर्क तपासू नका. बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत ते चालत नाही, आणि आतून स्कॅन करणारा लॅपटॉप त्यांच्या सिस्टिमला हल्लेखोरासारखाच दिसतो. अलर्टचा स्क्रीनशॉट, वेळ, मॅक ॲड्रेस एवढं हेल्पडेस्कला तिकिटात द्या.

अकाउंट्सवाली:
क्रिंपिंगवाला दादा खूप आभार. एस्प्रेसिफ सापडला, सरांच्या केबिनमधल्या एसीचा स्मार्ट प्लग निघाला, आणि बिननावाचे बहुतेक मोबाइलच, दुसरं अक्षर बरोबर २ नाहीतर ई. गेस्ट नेटवर्कही चालू केलं. पण काल वेगळाच अलर्ट आला, "डुप्लिकेट आयपी ॲड्रेस", हे पण सोडून देऊ का?

क्रिंपिंगवाला:
हा नका सोडू. हा त्या नवीन डिव्हाइसवाल्या अलर्टपेक्षा वेगळा आहे, एकाच आयपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या एकाच पत्त्यावर, दोन जण हक्क सांगतायत. बरेचदा कारण साधंच असतं, प्रिंटरला कोणीतरी हाताने आयपी टाकलेला असतो आणि राउटर तोच दुसऱ्याला देतो. पण कोणीतरी स्वतःला राउटर म्हणून भासवत असेल तरी असाच अलर्ट येतो, आणि तसं असेल तर तुमचा ट्रॅफिक त्याच्यामार्फत जातो.

आधी अलर्टमधला आयपी बघा. प्रिंटरचा असेल तर राउटरमध्ये त्याला तो आयपी रिझर्व्ह करून द्या, संपलं. राउटरचाच असेल (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) arp -a, म्हणजे एआरपी, स्पेस, डॅश, ए टाइप करा. राउटरच्या आयपीसमोरचा मॅक नंबर राउटरखालच्या स्टिकरशी जुळवा, शेवटचं एखादं अक्षर पुढेमागे असलं तर चालतं. पण तोच नंबर यादीत दुसऱ्या एखाद्या पीसीसमोरही दिसला तर तो पीसी लगेच नेटवर्कवरून काढा आणि बँकेचं, पोर्टलचं लॉगिन थांबवा. एखादा रिपीटर लावलेला असेल तर त्यामुळेही असं दिसू शकतं, ते आधी विचारून घ्या.

कोणता आयपी आहे तो लिहा इथे, लोकल आयपी आहे, सांगायला हरकत नाही.

अकाउंट्सवाली:
शेवटी .५० आहे. प्रिंटरच्या डिस्प्लेवर पण तोच दिसतोय. रिझर्व्ह करते आता.