शीघ्रपतन: मेंदूत काही वेगळं चालतं का?

प्रश्न: सगळे 'टेन्शन घेऊ नको' एवढंच सांगतात, पण मेंदूत खरंच काही वेगळं असतं का? माझं पहिल्यापासून मिनिटभरातच होतं आणि त्या वेळी डोक्यात फक्त 'आता होणार, आता होणार'.

निशाचर: पहिल्यापासून असेल तर नुसतं मनाचं म्हणू नका. वीर्यपतनाचा रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणारी क्रिया, कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूतून चालतो आणि मेंदू वरून त्याला ब्रेक लावतो, त्यात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा मोठा हात, म्हणूनच तर डिप्रेशनच्या एसएसआरआय, म्हणजे सेरोटोनिनचा असर वाढवणाऱ्या गोळ्यांनी वीर्यपतन लांबतं, डॅपॉक्सेटिन पण त्याच गटातली, फक्त असर लवकर उतरतो.

साधामाणूस: बरोबर, पण ते 'आता होणार' पण सोडू नका. सगळं लक्ष स्वतःवर पहारा देण्यात गेलं की उत्तेजना किती वाढलीय ते वेळेत कळतच नाही. 1956 मध्ये जेम्स सेमन्स या डॉक्टरने मांडलेली थांबून परत सुरू करायची पद्धत तेच ओळखायला शिकवते.

निशाचर: आणि एमआरआयच्या फंदात पडू नका हं, स्कॅनवरून याचं निदान होत नाही. युरोलॉजिस्टला दाखवा, गोळ्या मनाने नकोत.

प्रश्नकर्ता: ओके. बायकोला सोबत नेऊ का?

साधामाणूस: न्या की, तो सराव दोघांनीच करायचा असतो.