पेंटियम थ्रीवर काय टाकू? ९८, एक्सपी की लिनक्स?

सातारकर_७
मंडळी, बाबांच्या डीटीपीच्या दुकानातला जुना डबा माळ्यावरून काढलाय. पेंटियम थ्री, इंटेल ८१० चा बोर्ड, १२८ एमबी रॅम, २० जीबी हार्डडिस्क. सुरू होतो पण विंडोज ९८ च्या लोगोवर लटकतो. बाबांना पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) परत हवंय, कितीतरी लग्नपत्रिका नि स्मरणिका त्यात अडकल्यात, प्रिंटर पोर्टला लागणारा डोंगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) जपून ठेवलाय. मी म्हणतो फॉरमॅट मारून सरळ एक्सपी टाकावी. काय म्हणता?

पेंग्विन_पुणेकर
एक्सपी कशाला, तिचा सपोर्ट २०१४ लाच संपला. रॅम २५६ कर आणि ३२ बिटवाली अँटीएक्स लिनक्स टाक, हलकी आहे.

खटपट्या
टाकेल हो, डेस्कटॉप पण दिसेल, पुढे काय? पेंटियम थ्रीत एसएसई२ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा संच) नाही, आजचा फायरफॉक्स-क्रोम त्यावर उघडतच नाही. आणि वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) पॅरलल म्हणजे प्रिंटर पोर्टचा डोंगल चालवायचा म्हणजे बसा डोकं आपटत. त्याला पत्रिका उघडायच्यात, लिनक्स शिकायचं नाहीये 😄

डीटीपीवाले_काका
अरे बाळा, फॉरमॅट अजिबात मारू नकोस!! आधी डिस्क काढ, आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) टू यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला लाव आणि सगळं कॉपी करून घे, फॉन्टचं फोल्डर पण, नाहीतर फाइल उघडेल आणि मजकुराच्या जागी एबीसीडीचा चिवडा दिसेल.
मग ९८ सेकंड एडिशनच टाक. ओएस मशीनकडे नाही, कामाकडे बघून ठरवायची असते. ९८ मध्ये प्रोग्रॅम पोर्टशी थेट बोलतो, विंडोज २००० आणि एक्सपी तसं करू देत नाहीत, तिथे डोंगलचा वेगळा ड्रायव्हर लागतो. शिवाय १२८ मधली थोडी रॅम ऑनबोर्ड ग्राफिक्सच खातं, उरलेल्यात एक्सपी म्हणजे हार्डडिस्कची खरखर ऐकत बसायचं.
९८ ची एकच कटकट, साधा पेनड्राइव्हसुद्धा ड्रायव्हर टाकल्याशिवाय ओळखत नाही. म्हणून मी डिस्कचे दोन भाग (पार्टिशन) करतो, आधी ९८, नंतर दुसऱ्यात पेनड्राइव्ह ओळखणारी २०००, बूटला मेनू आपोआप येतो. दोन्ही फॅट३२ फॉरमॅटमध्ये ठेव, ९८ ला एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट वाचता येत नाही.

खटपट्या
काकांना +१. डिस्क बदललीस तर १३७ जीबीच्या आतलीच घे, त्याहून मोठ्या डिस्कवर ९८ डेटाची वाट लावते. आणि बोर्डवरचे कॅपॅसिटर बघ, त्या काळातले फुगतात.

सातारकर_७
कॉपी झाली, फॉन्टसकट. प्रोसेसरजवळचे दोन कॅपॅसिटर फुगलेत, दुकानात देतोय. काका, डोंगलच्या सीडीत एनटी नावाचं फोल्डर आहे, २००० साठी तोच ड्रायव्हर का?

डीटीपीवाले_काका
बहुतेक तोच, २००० ही एनटीचीच पुढची आवृत्ती. पण आधी ९८ वर एक पत्रिका उघडून प्रिंट काढ, मग २००० ला हात लाव. आणि डोंगल लावताना-काढताना मशीन बंद हवं.