बद्धकोष्ठ होतं, आता पातळ होतंय – आईला लोपरामाइड देऊ का?

सावली
नमस्कार मंडळी. आईचं वय ७८. पाठीचा मणका मोडल्यामुळे अंथरुणावरच आहे. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू आहे, जोडीला कॅल्शियम आणि लोहाची गोळी. गोळ्या सुरू झाल्यापासून पोट साफ होईना. आधी नुसते सुपारीसारखे खडे पडायचे, मग तेही थांबलं. रात्री इसबगोल देते.

कालपासून एकदम उलटंच झालंय. दिवसभर थोडं थोडं तपकिरी पाणी जातंय. चादर खराब होते तरी तिला कळत नाही. परत होईल या धास्तीने ती पाणीच प्यायची थांबलीय, ते मला बघवत नाही. ताप नाही, रक्त नाही. घरात लोपरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी आहे, देऊ का? की इसबगोलमुळेच होतंय हे?

वाटसरू
ताप नाही, रक्त नाही, मग द्यायला हरकत नसावी. सुरुवातीला २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, नंतर दर पातळ शौचानंतर एक. मला दर वेळी गुण येतो. सोबत ओआरएस चालू ठेवा, म्हणजे अंगातलं पाणी कमी होणार नाही.

निवृत्त_सिस्टर
सावली, लोपरामाइड देऊ नका. वाटसरूंनी सांगितलेलं साध्या जुलाबाला लागू आहे, पण तुम्ही लिहिलंय ते मला जुलाबासारखं वाटत नाही.

बरेच दिवस पोट साफ नाही, मग अचानक थोडं थोडं पाणी, आणि पेशंटला त्याची जाणीवच नाही. वॉर्डात अशी कितीतरी आजी-आजोबा मंडळी मी पाहिली आहेत. गुदाशयात मळाचा घट्ट गोळा अडकून बसतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. चादरीवर दिसतं ते हे झिरपलेलं पाणी, मूळ गोळा आत जागच्या जागीच असतो. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली की आतडं आणखी थंडावतं. ट्रॅमाडॉल आतड्यातल्या ज्या जागांवर काम करून त्याची हालचाल मंदावतं, लोपरामाइड त्याच जागांवर काम करतं. एक ब्रेक लागलेलाच आहे, त्यावर दुसरा लावायचा नाही.

इसबगोलही तूर्त थांबवा. ते पाणी शोषून फुगतं आणि पुढे सरकायला आतड्याची हालचाल लागते. आई पडून आहेत, पाणी पीत नाहीत, वर ट्रॅमाडॉल. फुगलेलं इसबगोल आतच अडकून बसेल.

आजच डॉक्टरांना घरी बोलवा. डाव्या कुशीवर वळवून, हातमोजा घालून बोटाने तपासलं की खालचा खडा लगेच कळतो. एनिमा स्वतःहून देऊ नका. फॉस्फेटचा एनिमा वयस्क माणसाला, त्यातून मूत्रपिंड कमजोर असेल तर, क्षारांचा तोल बिघडवू शकतो. उलट्या, पोट ताठर फुगणं, वारा न सरणं किंवा जोराची कळ, यातलं काही दिसलं तर घरी वाट न बघता थेट हॉस्पिटल. आणि ट्रॅमाडॉल आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

आईंना सांगा, पाणी प्यायल्याने हे होत नाहीये. अंग पुसताना घाई करू नका, त्वचा कोरडी करून क्रीम लावा. या पाण्याने कातडी फार लवकर सोलवटते.

सावली
सिस्टर, डॉक्टर येऊन गेले. तुम्ही म्हणालात तेच निघालं. त्यांनी खडा मोकळा केला, आई आता शांत झोपलीय. रात्री बिसाकोडिल आणि रोज पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर लिहून दिलीय. पण ही पोट साफ करायची औषधं किती दिवस द्यायची? सवय लागेल ना?

निवृत्त_सिस्टर
फार बरं वाटलं वाचून. ट्रॅमाडॉल चालू आहे तोवर सारक औषध लागणारच. ट्रॅमाडॉलच्या जातीच्या गोळ्यांची मळमळ, गुंगी शरीर काही दिवसांत सहन करू लागतं, बद्धकोष्ठ मात्र तसंच राहतं. म्हणून खरं तर ट्रॅमाडॉल आणि सारक औषध एकाच दिवशी सुरू व्हायला हवीत. हे पेशंटच्या घरच्यांना सांगायचं राहून जातं, याचं मला आजही वाईट वाटतं. सवयीच्या भीतीने मधेच बंद करू नका, आणि पातळ व्हायला लागलं तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करा.

औषधपेटी (फार्मासिस्ट)
दोन गोष्टी जोडतो. बिसाकोडिलच्या गोळीवर आवरण असतं, ते आतड्यात पोहोचल्यावर विरघळायला हवं. म्हणून गोळी चावायची किंवा कुटायची नाही, आणि दूध किंवा अॅसिडिटीचं औषध तिच्या आगेमागे तासभर नको. रात्री घेतली की ६ ते १२ तासांत काम करते. पावडरीला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्या सकाळी काही झालं नाही म्हणून जादा डोस देऊ नका. कोणी लिक्विड पॅराफिन सुचवलं तर पडून असलेल्या माणसाला नको, गिळताना फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. लोह आणि कॅल्शियम दोन्ही पोट घट्ट करतात, तेव्हा काही दिवस थांबवता येतील का हे डॉक्टरांना विचारा.

वाटसरू, लोपरामाइड मोठ्यांच्या साध्या जुलाबावर चांगलं औषध आहे. पण डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या, म्हणजे चार गोळ्यांच्या, वर जाऊ नका. भलत्या मात्रेत घेतल्यास हृदयाचे ठोके बिघडतात.

वाटसरू
चार गोळ्यांची मर्यादा लिहून ठेवली. सावली, आईंना लवकर आराम पडो.