८-९ नोव्हेंबरला कोल्हापूर: सोबत आई, दहा वर्षांचा मुलगा आणि दोनच दिवस

कल्याणकरीण:
शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघून शनिवारी सकाळी कोल्हापुरात उतरतोय. रविवारी रात्री त्याच गाडीनं परत. मी, नवरा, मुलगा आणि माझी आई. आई ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, सपाटीवर चालते पण पायऱ्या जड जातात. बाबा गेल्यापासून तिचं अंबाबाईला जायचं राहून गेलंय, म्हणून हा घाट घातलाय. माझी यादी: अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी, खिद्रापूर, कणेरी मठ, न्यू पॅलेस, रंकाळा. काय ठेवू, काय गाळू? आई शाकाहारी, आम्ही सगळं खातो. लेकाला सध्या कुस्तीचं वेड आहे.

पेठेतली:
ताई, मी जन्मापासून शिवाजी पेठेत राहते, त्यामुळं मोकळेपणानं सांगते. ही यादी चार दिवसांची आहे. गेल्या वर्षी माझ्या नणंदेनं पाहुण्यांना दोन दिवसांत सात ठिकाणं फिरवली. त्यातल्या आजींना शेवटी गाडीची सीट तेवढी आठवत होती.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुम्ही तारीख बघून ठरवलं की योगायोग आहे माहीत नाही, पण रविवारी ९ नोव्हेंबर, म्हणजे किरणोत्सवाचा दिवस! आमच्याकडं वर्षातून दोनदा, ९-१०-११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे ना. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग आले किंवा हवेत बाष्प, धूळ असली की किरणं वाटेतच विरतात, म्हणून सगळं कोल्हापूर त्या संध्याकाळी आभाळाकडं बघत असतं. तुमची गाडी रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराची आहे आणि किरणं सहाच्या आत येऊन जातात, तेव्हा चुकवू नका. मात्र आईंना त्या गर्दीत आत नेऊ नका. बाहेर मोठ्या पडद्यावर दाखवतात, तिथं त्यांना लवकर जागा धरून बसवा. किरण पायांवर टेकला की जो "अंबाबाईचा उदो उदो" उठतो, तो बाहेरही अंगावर काटा आणतो.

खरं दर्शन रविवारी पहाटे घ्या, काकड आरतीच्या सुमाराला. त्या वेळी फरशी पायाला गार लागते, फुलवाल्या बायका नुकत्या वेण्या ओवायला बसलेल्या असतात. आईंना रांग झेपली नाही तर मुखदर्शनाची वेगळी सोय आहे. खोली भवानी मंडप किंवा महाद्वार रोडच्या चालत्या अंतरावरच घ्या. गाडी देवळापाशी लावता येत नाही, आणि लांबच्या हॉटेलातून पहाटे आईंना आणणं म्हणजे त्यांची दमछाक.

जोतिबा गाळा. खाली देवळापर्यंत पायऱ्या उतरायच्या आणि परत चढायच्या. नृसिंहवाडीलाही घाटाकडं पायऱ्याच. मन जड होतंय लिहिताना, दोन्ही आमचीच दैवतं, पण आईंचे गुडघे आधी.

शनिवारी दुपारनंतर पन्हाळा करा. शहरापासून वीसेक किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, आईंना फारसं चालावं लागत नाही. सज्जा कोठी, तीन दरवाजा आणि अंबरखाना एवढं बघा. अंबरखान्याच्या त्या दगडी धान्यकोठारात लेकाला उभं करून सांगा, १६६०ला सिद्दी जौहरनं चार महिने वेढा घातला तेव्हा गड कशाच्या जिवावर तगला ते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे. वर आईंसाठी झुणका-भाकरी मिळेल.

लेकासाठी: भवानी मंडपाजवळच मोतीबाग तालीम आहे. रविवारी दर्शन झालं की विचारून आत डोकावू द्या. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद मिसळलेली असते, तिचा वास एकदा घेतला की पोरगं विसरणार नाही. खासबाग मैदानही तिथून जवळच. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, मधे खोलगट हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, आणि चहूबाजूंनी चढती बैठक. त्यामुळं शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते.

मिसळ खाताना कट वेगळा मागा आणि पावाऐवजी स्लाइस ब्रेड आला तर दचकू नका, आमच्याकडं तसाच असतो.

सह्यवाट:
पेठेतली ताईंचं बाकी सगळं पटलं, पण खिद्रापूरबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मी पन्हाळ्याऐवजी खिद्रापूर म्हणेन. साठेक किलोमीटर आहे, वेळ जातो हे खरं. पण तिथल्या कोपेश्वराच्या देवळाचा स्वर्गमंडप बघितल्याशिवाय परत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. छताच्या मधोमध गोल आभाळ उघडं, त्याखाली त्याच मापाची एकच अखंड गोल शिळा, भोवती बारा खांबांचं कडं. त्या शिळेवर उभं राहून वर बघायचं. बास, दुसरं काही करायचं नाही.

पेठेतली:
सह्यवाट, खिद्रापूर मलाही जीव की प्राण. पण रात्रभर गाडीत बसून आलेल्या आईंना पुन्हा जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर? पुढच्या खेपेला.

मूर्तिवेडा:
दोन-तीन ओळी माझ्याही. शनिवारी सकाळी सामान टाकलं की टाऊन हॉल म्युझियमला जा. सीपीआर हॉस्पिटलजवळ बागेत आहे, तासाभरात होतं. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, म्हणजे इथं पंचगंगेकाठी सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरही उंच नाही, एक हात उंचावलेला. दोन हजार वर्षांमागं रोमकडून समुद्रमार्गे आलेली वस्तू घाट चढून कोल्हापुरात पोचली होती. मी आजवर कितीदा गेलो असेन, प्रत्येक वेळी त्या काचेपाशी पाय थांबतात.

चपला घेणार असाल तर देवळाजवळच्या चप्पल लाईनीतच घ्या. मी एकदा हायवेवरच्या एका दुकानात फसलो, पहिल्याच पावसात तळ सुटला, आत पुठ्ठा निघाला. चप्पल उलटी करून बघा: तळाची शिवण चामड्याच्याच वादीची हवी, खिळा दिसता कामा नये. नवी असताना अंगठ्याला चावते. रात्री खोबरेल लावून ठेवा.

कल्याणकरीण:
किरणोत्सवाचं खरंच माहीत नव्हतं. आत्ता आईला फोन केला. बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "हिरवं लुगडं इस्त्रीला टाकते." जोतिबा, वाडी, खिद्रापूर, कणेरी, न्यू पॅलेस सगळं गाळलं. शनिवार म्युझियम आणि पन्हाळा, संध्याकाळी रंकाळा. रविवारी देऊळ, तालीम आणि किरणं. लेकाला धारोष्ण दूध पाजायचंय, ते नेमकं कुठं?

पेठेतली:
गंगावेशीत, दूध कट्ट्यावर. म्हशी तिथंच बांधलेल्या असतात, समोर धार काढून फेसासकट पेला हातात देतात. शनिवारी रंकाळ्यावरून परतताना जा, वाटेतच आहे. आणि आईंना शाल घ्या, पन्हाळ्यावर वारं असतं.