दाराच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे: गंज काढावा कसा, थोपवावा कसा?

प्रश्न
माझी मोटार 16 वर्षांची आहे. इंजिनाची काही तक्रार नाही. परंतु मागील दोन्ही दारांच्या खालच्या कडेला रंगाला फुगे आले असून, एका जागी नखाने खरवडताच पोपडा निघाला व आत तांबूस भुकटी दिसली. पॉलिश पेपरने घासून, पुट्टी भरून वर रंग दिला तर पुरेल काय? ही गाडी अजून बरीच वर्षे वापरण्याची मनापासून इच्छा आहे.

प्रतिसाद 1
पुरणार नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो व रंगाला आतून उचलतो. म्हणून फुगा दिसतो त्याहून गंजाचा पसारा मोठा आहे, असे धरूनच कामाला लागावे. तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत रंग काढा. पत्रा उघडा असताना पाणी लावून घासू नका, कारण ओल्या पत्र्यावर काही तासांतच नवा गंज धरतो. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त रस्ट कन्व्हर्टर (गंजाचे स्थिर थरात रूपांतर करणारा द्रव) चालतो. सुट्या पोपड्यांवर मात्र तो व्यर्थ आहे. मग इपॉक्सी प्रायमर (ओलावा रोखणारा रंगाखालचा पहिला थर) द्या आणि पुट्टी त्यावरच भरा, कारण पुट्टी ओलावा शोषते.

प्रतिसाद 2
वरील सर्व खरे, परंतु गंज दाराच्या तळाशीच का आला, हे आधी पाहावे. खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आत उतरते व तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे मातीने बुजली की पाणी आतच साचते. ती मोकळी करून, दार आतून पूर्ण वाळल्यावर पोकळीत मेणाचा फवारा मारावा. मी पूर्वी जुन्या गंजावरच अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला देतात तो संरक्षक लेप) करून घेतले होते. त्याखाली ओल कोंडली आणि पुढे कोटिंगबरोबर पत्राही सुटून आला. ही चूक कृपया करू नका.

प्रतिसाद 3
दारांखालचा उंबरा आणि सीटबेल्ट जेथे बसवलेला असतो तेथील पत्रा पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज बोदा आला किंवा पत्रा दबला, तर तेथे पुट्टी भरणे धोक्याचे आहे. अपघातात भार पेलणारा तो भाग असल्याने सडका पत्रा कापून नवा वेल्डिंगने जोडणे हाच उपाय.

प्रश्नकर्ता
उंबरा ठणठणीत वाजला. डाव्या दाराची तीनपैकी दोन छिद्रे बुजलेली होती. तार घालताच वाटीभर गढूळ पाणी बाहेर आले. दार वाळेपर्यंत पेपरला हात लावणार नाही.