रात्री उशिरा जेवणाऱ्यांनी छातीतली जळजळ कशी आवरावी?

उशिराची_लोकल
नमस्कार मंडळी. वय त्रेचाळीस, नोकरी फोर्टला, घर बदलापूरला. घरी पोचेपर्यंत पावणेदहा, जेवण दहाला, आणि पहाटेची गाडी असल्याने अकराला आडवं व्हावंच लागतं. दोनच्या सुमारास घशाशी आंबट पाणी येऊन ठसका लागतो, जाग येते, मग पलंगावर बसून राहायचं. सकाळी आवाज बसलेला. दिवसा करपट ढेकरा.

फॅमिली डॉक्टरांनी मागे पॅन्टोप्राझोल दिली होती. त्रास झाला की आणतो आणि रात्री जेवल्यावर घेतो. बरं वाटतं, बंद केली की पुन्हा तेच. कायमचं काय करता येईल? गोळ्या, काढे, उशा, काहीही सुचवा. फक्त ‘आठच्या आत जेवत जा’ एवढं सांगू नका. मध्य रेल्वे माझं ऐकत नाही.

खिडकीसीट
तुमच्याच लाइनवरची मी, अंबरनाथ. आठच्या आत जेवा असंच सांगणार आहे, पण घरी नाही, ऑफिसात. सकाळी डब्यात दोन जास्तीच्या पोळ्या आणि कोरडी भाजी घ्यायची. निघायच्या आधी, साडेसहा-सातला, जागेवर बसून ती खाऊन टाकायची. घरी आल्यावर वाटीभर मुगाचं वरण-भात किंवा नुसती भाकरी कुस्करून ताकात. घरच्यांबरोबर पानावर बसणंही होतं आणि पोटही भरगच्च होत नाही.

पहिले काही दिवस नवऱ्याने ‘जेवण आवडलं नाही का’ विचारून भंडावलं. आता तोही तसंच करतो.

आणि हो, गाडी पकडताना स्टेशनवर जो वडापाव-चहा होतो ना, तो बंद करा. तळलेलं पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो, त्यावर लगेच दुसरं जेवण. मग ते वर नाही येणार तर काय!

आगळ_आणि_आमसूल
कोकम सरबत! आमच्या रत्नागिरीला पित्तावर दुसरं औषध कुणी विचारतच नाही. रात्री जेवल्यावर सोलकढी प्या, जळजळ पळून जाईल.

जुना_केमिस्ट
आगळभाऊ, अंगावर पित्त उठतं तेव्हा आमसुलाचं पाणी आमच्याकडेही लावतात. पण इथे प्रकार वेगळा आहे. यांच्या जठराच्या तोंडाशी जी झडप आहे ती नीट मिटत नाही, आणि आम्ल अन्ननलिकेत येतं. अन्ननलिकेच्या आतल्या आवरणाला ते सोसत नाही. त्यात आणखी आंबट ओतून काहींना चक्क जास्त चुरचुरतं. लिंबू-पाण्याचंही तेच. तुम्हाला सोसत असेल तर खुशाल प्या, पण रात्री दहा वाजता यांना नको.

आता लोकलवाले साहेब, तुमच्या गोळीबद्दल. मी दुकान चालवलंय, डॉक्टर नाही, तेव्हा हे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही सगळी एकाच घरातली. जठरात आम्ल सोडणारे जे पंप असतात ते ही औषधं बंद करतात, पण जे पंप कामाला लागलेत तेच. पंप कामाला लागतात खाण्याने. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची. जेवण झाल्यावर घेतली तर निम्मं काम वाया जातं. त्रास रात्रीचाच असेल तर काही डॉक्टर ती संध्याकाळच्या खाण्याआधी देतात. तुमचा तो ऑफिसातला डबा असेल तर त्याच्या आधी बसेल, विचारून घ्या.

दुसरं, अधूनमधून घेणं. ही गोळी पहिल्याच दिवशी पूर्ण चालत नाही, जोर धरायला दोन-चार दिवस जातात. साधारण आठ आठवड्यांचा सलग कोर्स देऊन मग बघतात. आणि बरेच महिने रोज घेतल्यावर एकदम थांबवली तर आम्ल काही दिवस उलट जास्त सुटतं. लोकांना वाटतं रोग परत आला, पुन्हा पट्टी घेऊन जातात. माझ्या काउंटरवर अशी कितीतरी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं यायची. कमी करायची तर हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याने. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींचं बी-१२ तसंही तळाला असतं.

बॉक्सबेड_पीडित
रात्रीच्या त्रासावर मला सगळ्यात जास्त फरक पडला तो डोक्याकडची बाजू उचलल्याने. उशा नव्हे! दोन-तीन उशा घेतल्या की मान मोडते आणि पोट दुमडतं, त्याने दाब उलट वाढतो. कमरेपासून वर सगळा उतार हवा. पलंगाचे डोक्याकडचे दोन पाय १५ ते २० सेंटीमीटर उचलायचे. विटा चालतात, पण पलंग त्यांवरून सरकतो. सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्या, मधे पाय बसेल एवढी खाच पाडून.

माझा पलंग खाली सामान ठेवायचा, पाय नसलेला, तो उचलायचा कसा? म्हणून तिरकी उशी घेतली. पाचरीसारखी असते, कमरेपासून डोक्यापर्यंत पाठ टेकते. पहिले काही दिवस रात्री घसरून पायथ्याशी पोचायचो. गुडघ्यांखाली एक छोटी उशी घेतल्यावर थांबलं.

आणि डाव्या कुशीवर झोपा. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो, त्या कुशीवर आम्ल खाली राहतं आणि झडप वर. उजव्या कुशीवर नेमकं उलटं.

उशिराची_लोकल
केमिस्ट काका, मी गोळीबरोबर कधी कधी इनोही घेतो. आणि दुकानदाराने एकदा पॅन्टोप्राझोलऐवजी डॉमपेरिडोन असलेली दिली, ‘ही जास्त भारी’ म्हणून. चालेल का?

जुना_केमिस्ट
इनो म्हणजे मुख्यतः खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. आम्ल तेवढ्यापुरतं मारतो, गॅस होऊन ढेकर येते, म्हणून मोकळं वाटतं. कधीतरी ठीक. रोज घेऊ नका, बीपी असेल तर नकोच, सोडियम फार. मळमळीवरचं डॉमपेरिडोन घातलेली कॅप्सूल आपल्याकडे शेंगदाण्यासारखी खपते, पण त्यातल्या डॉमपेरिडोनने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, विशेषतः साठीपुढच्यांचे आणि हृदयाची इतर औषधं चालू असलेल्यांचे. डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नको.

घरात रॅनिटिडिनच्या, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांच्या, जुन्या पट्ट्या असतील तर त्याही काढून टाका. त्यात कॅन्सरशी संबंध जोडलेली अशुद्धता सापडली म्हणून अमेरिकेत २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं. आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही २०२२ मध्ये ते गेलं. त्याच गटातली फॅमोटिडिन मिळते, डॉक्टर ती देतात.

तुम्ही आणखी काय काय घेता तेही डॉक्टरांना सांगा. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन झडप सैल करते. दुखण्यावरच्या गोळ्या जठराला लागतात. हाडांसाठीची अ‍ॅलेन्ड्रोनेट पेलाभर पाण्याबरोबर उभ्याने किंवा बसून घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर भाजून काढते. मात्र बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका!

मोदकांची_रात्र
सासूबाईंसाठी विचारते, वय सदुसष्ट. दर संकष्टीला दिवसभर साबुदाणा, शेंगदाणे आणि तीन-चार कप चहा. चंद्रोदय नऊ-साडेनऊला, मग आरती, नैवेद्य, वर तूप सोडलेले मोदक, आमटी-भात. लगेच झोपतात आणि रात्रभर कण्हतात. उपवास सोडा म्हटलं की रुसतात. काय करू?

खिडकीसीट
उपवास सोडायला सांगूच नका, हरलात म्हणून समजा. दिवसाचं बदला. साबुदाणा खिचडीऐवजी वरीचा भात, दाण्याची आमटी पातळ आणि बिनतिखटाची. चहा एकच, तोही रिकाम्या पोटी नको. रात्री एक मोदक देवाच्या नावाने, बाकीचे सकाळी परत वाफवून. आणि जेवल्यावर मालिका बघायला बसवा, दोन तास सरळ पाठीने. आमच्या सासूबाईंवर हा उपाय लागू पडला. त्या मालिका सोडत नाहीत.

बाई_एमडी
मी डॉक्टर आहे, इथे कुणाला तपासता येणार नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

सदुसष्ट वर्षांच्या बाईंना जळजळ आहे, तर आधी दाखवा. आशीर्वाद आणि साबुदाणा दोन्ही नंतर. पन्नाशी-साठीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, घास अडकणं, वजन उतरणं, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, रक्त कमी होणं यांपैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. दुर्बिणीची तपासणी लागते. ती दहा-पंधरा मिनिटांची असते, घाबरण्यासारखं काही नाही.

आणि छातीत दुखणं चालताना किंवा जिने चढताना होत असेल, हात, जबडा, पाठीकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका, त्याच क्षणी ईसीजी. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये हार्ट अटॅकला नुसती वरच्या पोटात जळजळ आणि मळमळ एवढंच दिसू शकतं.

लोकलवाले, तुम्हाला रात्री ठसका आणि सकाळी आवाज बसणं आहे, तर फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीने एकदा पोटविकारतज्ज्ञांना भेटून घ्या. पोटाचा घेर वाढला असेल तर तो कमी करणं हे गोळीइतकंच महत्त्वाचं. तंबाखू, सिगारेट असेल तर सांगायला नको.

पाटावरचा_वैद्य
काढे-चूर्णांचा विषय कुणी काढेना म्हणून मी. अविपत्तिकर चूर्णाने बऱ्याच जणांना बरं वाटतं. पण त्यात निशोत्तर मुख्य आहे, पोट साफ करणारं, आणि साखरही भरपूर. मधुमेह असेल तर जपून. शंखभस्म म्हणजे मुळात चुन्याचाच प्रकार, आम्ल मारतो. ज्येष्ठमध घशाला छान, पण रोज चघळलं तर बीपी चढतं. सूतशेखराच्या मूळ पाठात पारा-गंधक आहेत, ते वैद्याच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घेऊ नका. थंड दुधाने आग शमल्यासारखी वाटते, पण दुधानेच थोड्या वेळाने पुन्हा आम्ल सुटतं. मोरावळ्याबद्दल मात्र माझ्याशी कुणी वाद घालू नये. चवीसाठी खा.

उशिराची_लोकल
बाई, बीपी नाही, पण बेल्टला नवीन भोक पाडावं लागलंय हे खरं. शनिवारी डॉक्टरांकडे जातो. ऑफिसातला दुसरा डबा सोमवारपासून, बायको तयार आहे. तिची एकच अट आहे, ठोकळे लावले तर तिच्या बाजूचा पलंग सपाट राहिला पाहिजे.

बॉक्सबेड_पीडित
मग तिरकी उशीच घ्या, एका माणसापुरती. घेताना तळहात दाबून बघा. फोम मऊ असेल तर महिन्याभरात बसतो आणि उतार राहत नाही. कल्याणला गादीवाले मापाने कापून देतात. उंची २० सेंटीमीटरपेक्षा जास्त सांगू नका, नाहीतर तुम्हीही घसरत पायथ्याशी याल.